‘पोलीस अ‍ॅक्शन’मागची फौज

मराठवाड्यातली जुनी माणसं आपलं वय सांगताना सन सांगत नसत; ‘पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी दोन वर्षं’ असं म्हणत. पण निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आणण्यासाठी १३ सप्टेंबर १९४८ला सोलापूरकडून नळदुर्गावर आले ते भारतीय फौजेचे रणगाडे होते. पुण्याच्या सदर्न कमांडचे महाराज राजेंद्रसिंहजी मोहिमेचे प्रमुख होते, आघाडीवर मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी होते आणि लष्करी कागदांत नाव होतं ‘ऑपरेशन पोलो’. मग यात पोलीस आले कुठून?

हा शब्द मुळात हैदराबादचा नव्हे. जुलै १९४७मध्ये डचांनी जावा-सुमात्रावरच्या चढाईला हेच नाव दिलं होतं. आपल्याच घरातला बंदोबस्त म्हटलं की बाहेरच्यांना त्यात बोलायला जागा राहत नाही. तेव्हा सुरक्षा परिषदेत तक्रार नेणाऱ्यांत भारतही होता. पुढच्याच वर्षी निजामाची तक्रार त्याच परिषदेपुढे गेली आणि दिल्लीलाही हाच शब्द हवासा वाटला. दोन्ही प्रकरणं मात्र मी एका तागडीत घालणार नाही. लातूरचे वकील कासिम रझवी यांचे निजामधार्जिणे सशस्त्र रझाकार गावं लुटत होते, जाळत होते. भारतात सामील व्हा, असं लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्टमध्ये भर शहरात खून झाला. ते मुसलमान होते, हे विसरून रझाकारी समजून घेता येत नाही.

फौज कोणाची आणि तिचा खर्च कोणाच्या माथी, यावर हैदराबादचं राजकारण आधीपासूनच फिरत आलं होतं. १७९८मध्ये इंग्रजांची तैनाती फौज पक्की झाली. १८५३मध्ये ‘कंटिन्जंट’ या फौजेच्या खर्चापोटी निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. ज्याच्या हाती फौज, त्याच्या हाती दरबार.

म्हणूनच १९४८नंतरचे महिने मला मोलाचे वाटतात. चौधुरी लष्करी गव्हर्नर झाले. त्यांच्याच अमलात, १९४९मध्ये, जहागिऱ्या रद्द झाल्या. २६ जानेवारी १९५०ला मुलकी अधिकारी एम. के. वेल्लोडी मुख्यमंत्री झाले आणि १९५२मध्ये लोकांनी निवडलेलं सरकार आलं. चौधुरी १९२८मध्ये सँडहर्स्टच्या ब्रिटिश लष्करी अकादमीतून बाहेर पडले होते. पाकिस्तानचे अयुबखानही त्याच वर्षी. एकाने एका प्रांताची सत्ता सोडली आणि तो पुढे लष्करप्रमुख म्हणून निवृत्त झाला. दुसऱ्याने १९५८मध्ये अख्खा देश ताब्यात घेतला.

पण ‘पोलीस अ‍ॅक्शन’ या सौम्य शब्दाआड बरंच काही झाकलं गेलं. फौज आल्यावर मुसलमानांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वाधिक हानीच्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. काही ठिकाणी जवानांनी जमावाला चिथावलं, लुटीत हातही घातला, असं समितीने लिहिलं. सरकारने तो अहवाल अनेक दशकं लोकांपुढे येऊ दिला नाही. सेक्युलर राज्यासाठी फौज पाठवली, असं म्हणणाऱ्या आपण हा अहवाल मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांइतकाच मोठ्याने वाचायला हवा होता.

त्या अहवालातच आणखी एक नोंद आहे. काही गावांत हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या बचावाला उभे राहिले. समोरून चालून आलेला जमाव हिंदूंचाच होता, आणि त्या विणकरांपैकी काहींनी त्यात जीव गमावला.