आई टीव्ही लावायच्या आधी

मढ कोळीवाडा. बुधवार, 11 डिसेंबर 2013.

पहाटे 4. बाबांची होडी निघाली. आईनं चहा केला, माझा कप ओट्यावर ठेवला आणि पाठ फिरवली. दिवाळीपासून हे असंच चाललं होतं. भाऊबीज झाल्यावर मी तिला सांगितलं होतं की मला मुलगेच आवडतात आणि हे जाणारं नाही. तेव्हापासून ती ताट वाढायची, पण हातात द्यायची नाही. बाबांना तिनं काही कळू दिलं नव्हतं. हरबादेवीपुढे काय बोलली होती, ते तिलाच ठाऊक.

सांगितलं त्या रात्री ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "पोलीस धरतील का रे तुला?" मी सतरा वर्षांचा, बारावीतला. छातीठोकपणे म्हणालो, "नाही. 2009 सालीच दिल्ली हायकोर्टानं सांगितलंय, सज्ञान माणसांनी राजीखुशीनं केलं तर तो गुन्हा नाही." पुढच्या दिवसांत तिनं हेच पुन्हा पुन्हा विचारलं आणि मीही तेच उत्तर देत राहिलो. आमच्यात बोलणं म्हणून तेवढंच उरलं होतं, आणि ते सगळं त्या निकालावर उभं होतं.

पहाटे 5. मालाडच्या बाजाराला निघताना ती दारात थांबली. आदल्या रात्री मी तिला चित्रा पालेकरांबद्दल सांगितलं होतं. नाटक-सिनेमातली बाई, तिची मुलगीही आमच्यासारखीच. ती आणि इतर पालक, असे एकोणीस जण त्या निकालाच्या बाजूनं सुप्रीम कोर्टात गेले होते. अशा संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा आमच्या मुलांना आणि आमच्या घरांना जाळतो, असं त्यांनी कोर्टाला सांगितलं होतं. आईनं टोपली डोक्यावर घेतली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ती बाई भेटंल का?"

कॉलेजला जाताना 271 नंबरच्या बसमध्ये उभा होतो. अख्ख्या वाटेत मी आईचं तेच एक वाक्य मनात घोळवत होतो.

सकाळी 10:30. दिल्लीत सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती सिंघवी आणि न्यायमूर्ती मुखोपाध्याय यांनी हायकोर्टाचा 2009 चा निकाल रद्द केला. सिंघवींचा तो निवृत्तीचा दिवस होता. कलम 377 पुन्हा जसंच्या तसं लागू झालं: दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप. देशात असे लोक अगदी थोडे, दीडशे वर्षांत खटले दोनशेहूनही कमी, बदल हवा तर तो संसदेनं करावा, असं निकालात होतं. कोर्टानं मोजले ते खटले. आईनं रोज रात्री विचारलेला प्रश्न कुठल्या पोलीस ठाण्याच्या वहीत लिहिलेला असणार?

11:15. कॉलेजच्या कॅन्टीनमधल्या टीव्हीवर बातमीची पट्टी सरकली. पोरं हसली. मीही हसलो, कारण न हसणारा लगेच दिसतो.

आईला हे माझ्या तोंडून कळायला हवं होतं. मी स्टेशनकडे पळालो, बस पकडली. मार्वे रोडवर गाड्या तुंबल्या होत्या. मालवणीत बस पुढं सरकेना. आक्सा, एरंगळ. उघड्या असलेल्या प्रत्येक दुकानात मला टीव्हीच दिसत होता.

दुपारी 1:20. घरी कुणी नव्हतं. मी केबलची वायर टीव्हीमागून उपटली.

2:30. आई आली. बाजार चांगला झाला होता. वलांडीवर वाळत घातलेले बोंबील उलटून झाल्यावर तिनं भात वाढला आणि ताट माझ्या हातात दिलं. बोटाला बोट लागलं. "त्या बाईला फोन लाव रविवारी," ती म्हणाली. "मी काही इंग्लिश बोलायची नाही, तूच बोल."

मी जेवलो. सांगायला तोंड उघडलं आणि आणखी कालवण मागितलं.

संध्याकाळी 7. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. मालिका बघायला ती शेजारच्या काकीकडे गेली. मी दाराशी बसून राहिलो.

7:25. ती आली. दार लावून घेतलं, खिडकीही. वायर कुठाय म्हणून विचारलं नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"जन्मठेप म्हणाले रे."

"आई, असं घरात घुसून कुणी धरत नाही. अजून फेरविचार मागता येतो, ते वकील परत..."

"मी तुला विचारत होते तेव्हाही असाच बोललास." तिचा आवाज चढला नाही. "आणि त्या एकोणीस जणांचं काय झालं? शिकलेली, मोठी माणसं ती. त्यांचं ऐकलं नाही, कोळणीचं कोण ऐकणार?"

मी तिचा हात धरायला गेलो. तिनं तो काढून घेतला. रागानं नाही, तिला फोन हवा होता.

8:10. बाबा आले तेव्हा ती सातपाटीच्या मामाशी बोलत होती. "उद्या सकाळीच ये, दादा. ह्याला घेऊन जा. का ते आल्यावर सांगते." बाबांनी विचारलं, काय झालं? माझ्यासमोर, एका दमात, तिनं त्यांना सगळं सांगितलं.