ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी एसएमपीएसचं स्टिकर वाचा

लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग किंवा गेमसाठी जुन्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड बसवलं जातं. पण एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, तोच राहतो. मग ऐन कामात कॉम्प्युटर बंद पडतो. हलका एसएमपीएस जळाला तर मदरबोर्ड आणि कार्डही जाऊ शकतं.

किती वॅट लागतात? : जीटीएक्स १६५० कार्ड ७५ वॅट घेतं, कंपनी ३०० वॅटचा एसएमपीएस सांगते. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात, त्याला ५५० वॅटचा सांगितला आहे.

स्टिकरवर काय बघावं? : मोठ्या आकड्यावर जाऊ नका. कार्ड आणि प्रोसेसर मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात. +१२ व्होल्टच्या रकान्यातल्या अँपिअरला १२ ने गुणा. १८ अँपिअर असतील तर मिळणार २१६ वॅटच, वर ४५० लिहिलेलं असलं तरी.

पिन : मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. ६ पिनच्या वायरमधून आणखी ७५, तर ८ पिनच्या वायरमधून १५० वॅट. पिन नसेल तर कन्व्हर्टर लावून भागवू नका.

८० प्लस : या शिक्क्यावरून वीज किती कमी वाया जाते ते कळतं, ताकद नाही.

यूपीएस : ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. घराचं अर्थिंगही तपासून घ्या.

बजेट कमी पडत असेल तर कार्ड एक पायरी खालचं घ्या, एसएमपीएस नाही.