रात्रभराचा वग, तीन मिनिटांची तबकडी

पुणे–नाशिक रस्त्यावरचे नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यातल्या या गावात फडांच्या राहुट्या लागतात आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. गावोगावचे जत्रा कमिटीवाले राहुट्या हिंडतात, घासाघीस होते, इसार दिला की तारीख पक्की. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग असा हा खेळ पूर्वी रात्री उभा राही तो कोंबडा आरवेपर्यंत चाले. जुन्नर-आंबेगावात करमणुकीचे माप रात्रीचे होते. गाणे साठवून सोबत नेणारी यंत्रे गेल्या सव्वाशे वर्षांत एकामागून एक आली, आणि प्रत्येकाने या रात्रीतला आपल्याला पेलेल तेवढा तुकडा उचलला.

नव्या यंत्राचे पुढे काय होणार, याचे अंदाज यंत्राइतकेच जुने आहेत. एडिसनने १८७८ साली आपल्या फोनोग्राफचे दहा उपयोग सांगितले. त्यात पहिला मान तोंडी सांगून पत्रे लिहवण्याचा होता. गाण्याचा नंबर चौथा. घडले उलटेच. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांची गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि तबकडीचा धंदा गाण्यावरच उभा राहिला. त्या काळी तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या कारागिरांना गायक ओळखता यावा म्हणून गाणे संपताच गाणारी व्यक्ती स्वतःचे नाव उच्चारून टाकी.

तबकडीच्या एका बाजूत जेमतेम तीन मिनिटे मावत. चार तासांचा वग या हिशेबाने ८० बाजू, म्हणजे ४० तबकड्या खाणार. तेव्हा वग बाहेरच राहिला आणि लावणी आत गेली. तीही जशीच्या तशी नाही. फडावर लावणी मध्येच थांबे, दौलतजादा होई, देणाऱ्याचे नाव पुकारले जाई, तीच ओळ पुन्हा घोळवली जाई. तबकडीवर यातले काहीच बसेना. चावीचा ग्रामोफोन विजेवाचून चालत असल्याने खेड्याला तो सोयीचा होता, अडचण किमतीची. वाडेवाल्याकडे किंवा चहाच्या हॉटेलात तो असायचा, आणि ऐकणारे भोवती जमायचे.

रेडिओही आधी असाच, जमावाचा म्हणून आला. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले. १९५६ मध्ये पुणे जिल्ह्यासह पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. मंडळाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, नंतर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे, अशी ती रीत. युनेस्कोच्या मदतीने झालेला हा प्रयोग जगभर अभ्यासला गेला. त्याच काळात नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांनी सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ साली विविध भारती काढावी लागली ती यामुळेच. आकाशवाणीला लोकसंगीताचे वावडे नव्हते, पण बतावणीतला चावटपणा सरकारी माइकसमोर उभा राहण्यासारखा नव्हता.

ट्रान्झिस्टरने रेडिओ टेबलावरून उचलून खांद्यावर दिला. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात, भीमाशंकर-आहुप्याच्या अंगाला वाडीवस्तीपर्यंत वीज पोचायला बराच काळ जावा लागला. अशा ठिकाणी सेलवर चालणारे यंत्र हेच काय ते यंत्र. सेल उतरले की उन्हात ठेवायचे आणि आणखी दोन दिवस काढायचे, ही युक्ती महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीला ठाऊक आहे. रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागे. ही कटकट १९८० च्या दशकात संपली. तोवर कॅसेट आली होती.

फिलिप्सने कॅसेट १९६३ साली काढली, पण भारतात तिचे खरे राज्य १९८० च्या दशकातले. त्याआधी तबकडीच्या व्यवसायावर एकाच मोठ्या कंपनीचा पगडा होता आणि काय छापायचे हे शहरात ठरे. कॅसेट स्वस्त होती, कोऱ्या कॅसेटवर कोणालाही काहीही भरता येई आणि छोट्या कंपनीलाही हजार-दोन हजार प्रतींवर धंदा करता येई. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते, भीमगीते, कोळीगीते, जत्रेची गाणी असा मोठा साठा यामुळे बाजारात आला. तमाशाच्या दृष्टीने कॅसेटचे माप मोलाचे ठरले. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची, आणि अर्ध्या तासात बतावणी नीट बसते. चार कॅसेटमध्ये वगही आटोपतो. सोंगाड्याचा विनोद, सरदाराशी चाललेली त्याची झकाझकी, ढोलकीची लांब सलामी हे सारे प्रथमच घरी नेता आले. बाजारात गाण्यांची यादी दिली की कॅसेट भरून मिळे. रीळ अडकले तर पेन्सिल घालून गुंडाळायचे.

सोनीचा वॉकमन १९७९ साली निघाला. जगभर त्याची चर्चा झाली ती एकट्याने, कानात ऐकण्यामुळे. या पट्ट्यात मात्र टेप वाजायचा तो ट्रॅक्टरवर, टेम्पोत, रसवंतीगृहात, लग्नाच्या मांडवात. चार माणसांनी ऐकावे यासाठीच. ज्याचे गाणे शेजारच्याला ऐकू येत नाही ते यंत्र मुकेच, असा इथला सरळ व्यवहार होता.

टेप घरोघरी गेला की फड बसणार, असे भाकीत या काळात सर्रास केले जाई. टीव्ही आणि व्हिडिओने त्याला जोर दिला. फड बसले नाहीत, पण बदलले. टेपवर ऐकलेलीच सिनेमाची गाणी जत्रेतल्या प्रेक्षकाला फडावर हवी झाली. रंगबाजी फुगली, वग आखडला, ढोलकी-हलगी-तुणतुण्याच्या शेजारी ऑर्गन आणि ऑक्टोपॅड आले. नारायणगावच्या भाऊ-बापूंच्या फडात वाढलेल्या विठाबाई नारायणगावकर यांचा जन्म १९३५ चा, मृत्यू २००२ चा. १९५७ आणि १९९० अशा दोन्ही वेळा राष्ट्रपतींकडून गौरवल्या गेलेल्या या कलावतीच्या एका आयुष्यात चावीच्या तबकडीपासून सीडीपर्यंतची सगळी यंत्रे येऊन गेली.

कॅसेटनंतर काय, याचे शहाण्यांनी बांधलेले अंदाज चुकले. १९९२ साली सोनीची मिनीडिस्क आणि फिलिप्सची डिजिटल कॅसेट आली; वारस यांतलाच एक, असे धरले गेले होते. नारायणगाव-मंचरच्या बाजारात त्यांच्यासाठी कोणी अडून बसले नाही. सीडीवर गाण्यांसोबत चित्रही आले आणि वगनाट्यांच्या व्हीसीडी निघाल्या. खरा वारस एमपी३. १९९८ च्या रिओ प्लेअरची जागा ३२ एमबी, म्हणजे जेमतेम अर्धा तास; साठच्या कॅसेटची एकच बाजू! २००१ च्या आयपॉडमध्ये मात्र हजार गाणी मावली.

आयपॉडसोबत गाणी विकत घेण्याचे ऑनलाइन दुकान येणार आणि चोरटी नक्कल थांबणार, असेही सांगितले गेले. ते दुकान भारतात उघडले २०१२ च्या अखेरीस. तोपर्यंत मोबाईलच्या दुकानात ‘कार्ड भरून मिळेल’ ही पाटी लागून जुनी झाली होती. दोन जीबीच्या नखाएवढ्या कार्डात चारशे-पाचशे गाणी जात. कॅसेट भरून देणाऱ्याचाच हा धंदा, फक्त रिळाऐवजी संगणक. त्यात एक नुकसान झाले आणि त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही: फाईलवर नक्कल करणाऱ्या संकेतस्थळाचे नाव असे, गायिकेचे, शाहिराचे किंवा ढोलकीवाल्याचे नसे. हॅनोव्हरच्या कारागिरासाठी उच्चारले जाणारे नाव शंभर वर्षांनी असे गळाले.

त्या कार्डात चार तासांचा वग सात-आठ वेळा मावला असता. जागा वाढली की लांब कलाकृतीला दिवस येतील, हा तर्क बरोबर वाटतो. प्रत्यक्षात गाणे आणखी आखडले. आधी कॉलर ट्यून झाली, तीस-चाळीस सेकंदांची. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, पूर्ण तमाशे यूट्यूबवर आले, पण हातोहात फिरतो तो लावणीचा एका मिनिटाचा रील. तबकडीला निदान तीन मिनिटांची लाज होती. 

रात्रीचे माप मात्र यंत्राने नव्हे, कायद्याने कापले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी घातली. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंतची सवलत राहिली. पहाटेपर्यंतचा वग त्यामुळे अवघड झाला, आणि वेळ वाढवून द्या ही फडमालकांची मागणी तेव्हापासून चालू आहे. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे जत्राच भरल्या नाहीत. प्रत्येक खिशात तमाशा होता आणि फड उपाशी होते, कारण खिशातल्या तमाशाला सुपारी नसते. २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याच्या दिवशी, राज्यातले करोनाचे निर्बंध उठले आणि त्या हंगामात नारायणगावात पुन्हा सुपाऱ्या फुटल्या.