ठासणीच्या रायफलीची नेमबाजी

ठासणीच्या रायफलीची नेमबाजी : नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून, ती गजाने ठासून उडविल्या जाणाऱ्या रायफलीने ठराविक अंतरावरील लक्ष्याचा वेध घेण्याची क्रीडा. नळीच्या आतील पृष्ठभागावर सर्पिल खाचा असलेल्या बंदुकीस रायफल म्हणतात. या खाचांमुळे गोळीला स्वतःभोवती फिरण्याची गती मिळते व तिचा मार्ग स्थिर राहतो. आधुनिक रायफलीसाठी गोळी, दारू व स्फोटक टोपी कारखान्यातच एका धातूच्या काडतुसात बसविलेली असतात. ठासणीच्या रायफलीत हे सर्व काम नेमबाजाला प्रत्येक बारापूर्वी स्वहस्ते करावे लागते. त्यामुळे स्पर्धेचा निकाल बऱ्याच अंशी चाप ओढण्यापूर्वीच्या तयारीवर अवलंबून असतो आणि या नेमबाजीचा इतिहास हा मुख्यत्वे त्या तयारीचा इतिहास होय.

इतिहास : सर्पिल खाचांची नळी युरोपात सु. १५०० पासून प्रचारात आली. जर्मन व स्विस नगरांतील नागरी नेमबाजांच्या संघांमध्ये नेमबाजीच्या स्पर्धा भरत असत. शिशाची गोळी खाचांत घट्ट बसावी म्हणून ती प्रारंभी हातोडीने ठोकून आत घालीत. यात वेळ जाई व गोळीचा आकारही बिघडे. नळीच्या व्यासापेक्षा किंचित लहान गोळी घेऊन ती वंगण लावलेल्या कापडाच्या किंवा पातळ कातड्याच्या चिंधीत गुंडाळून ठासणे, हा त्यावर निघालेला उपाय होय. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या कारागिरांनी अठराव्या शतकात बनविलेल्या लांब नळीच्या रायफली याच पद्धतीने भरल्या जात.

स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ याने १८०७ मध्ये आघाताने पेट घेणाऱ्या मिश्रणावर चालणाऱ्या यंत्रणेचे एकस्व घेतले. तीतूनच पुढे टोपीची बंदूक विकसित झाली व पावसावाऱ्यात दगा देणारी चकमकीची यंत्रणा मागे पडली. फ्रेंच लष्करी अधिकारी क्लोद एत्येन मिन्ये याने १८४९ मध्ये बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी प्रचारात आणली. ती नळीत सहज उतरे व बार उडताच बूड फुगून खाचांत घट्ट बसे. १८५३ च्या नमुन्याची १४.६६ मिमी. व्यासाची ब्रिटिश एन्फील्ड रायफल याच तत्त्वावर आधारलेली होती.

या रायफलीच्या कागदी काडतुसाला लावलेल्या वंगणाने भारताच्या इतिहासात गंभीर प्रसंग ओढवला. काडतूस दातांनी फाडण्याची रीत होती आणि वंगणात गाईची व डुकराची चरबी असल्याचा संशय शिपायांत पसरला होता. काडतुसे वंगणाविना देऊन शिपायांना स्वतःच्या पसंतीचे वंगण लावू देण्याचा निर्णय सरकारने जानेवारी १८५७ मध्ये घेतला. नंतर काडतूस हातांनी फाडण्याची मुभाही दिली. तथापि तोपर्यंत विश्वास ढळला होता. सैनिकाचा बार कोण व कशाने तयार करतो, हा केवळ तांत्रिक प्रश्न नसतो, हे या प्रसंगाने दिसून आले.

ब्रिटनमध्ये १८५९ साली नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना झाली. तिच्या विंबल्डन येथील पहिल्या स्पर्धेचे उद्‌घाटन राणी व्हिक्टोरिया हिने २ जुलै १८६० रोजी आधारावर बसविलेली व्हिटवर्थ रायफल झाडून केले. षट्कोनी छेदाच्या नळीची ही रायफल लांब पल्ल्यावरील अचूकतेसाठी प्रसिद्ध होती. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे ठासणीच्या रायफली वापरणारा आयरिश संघ व मागून भरण्याच्या रायफली वापरणारा अमेरिकन संघ यांच्यात ८००, ९०० व १,००० यार्डांवर सामना झाला. अमेरिकेने तो ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी जिंकला. एका आयरिश नेमबाजाचा एक बार चुकून शेजारच्या लक्ष्यावर लागला नसता, तर निकाल कदाचित उलट लागला असता. यंत्रदृष्ट्या जुनी ठरलेली रायफल काळजीपूर्वक भरल्यास नव्या रायफलीची बरोबरी करू शकते, हेही या सामन्याने सिद्ध केले. पुढे मात्र सैन्यातून व स्पर्धांतून ती झपाट्याने मागे पडली.

पुनरुज्जीवनाचा आरंभ अमेरिकेत झाला. ओहायओतील पोर्ट्‌समथ येथे १९३१ मध्ये भरलेल्या स्पर्धेतून १९३३ मध्ये राष्ट्रीय संघटना निर्माण झाली. ब्रिटिश संघटना १९५२ मध्ये, तर आंतरराष्ट्रीय समिती १९७१ मध्ये स्थापन झाली. जागतिक स्पर्धांत मूळ जुनी शस्त्रे व त्यांच्या प्रतिकृती यांचे वर्ग वेगळे असतात. मिन्ये, व्हिटवर्थ अशी ऐतिहासिक नावे स्पर्धाप्रकारांना दिलेली आहेत. तोड्याच्या बंदुकीच्या एका प्रकारास तानेगाशिमा या जपानी बेटाचे नाव आहे. पोर्तुगीजांबरोबर १५४३ मध्ये तेथे पोहोचलेल्या बंदुकीची घडण गोवा-मलाक्का भागातील बंदुकांशी मिळतीजुळती होती, असे काही अभ्यासक मानतात.

पूर्वतयारी : नेमबाज बहुधा स्वतःच गोळ्या ओततो. शुद्ध शिसे ३२७° से. तापमानास वितळते, मऊ असल्यामुळे ते खाचांशी चांगले जुळते. प्रत्येक गोळी तोलून पाहतात. ११.२ मिमी. व्यासाच्या गोळीचे वजन सु. ८.३ ग्रॅ. भरते, त्याहून हलकी भरलेली गोळी आतून पोकळ असण्याचा संभव असल्याने ती बाजूला टाकतात. दारूत वजनाने सु. ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा व १० टक्के गंधक असतो. तिचे समान बार मोजून वेगवेगळ्या नळ्यांत भरून ठेवतात. दारूच्या साठ्यातून थेट नळीत दारू ओतण्यास स्पर्धेत मनाई असते, कारण नळीत निखारा राहिल्यास सर्व साठा पेटू शकतो. चिंधीची जाडी, तिचे वंगण (मेण, चरबी किंवा तेल) व दारूचे प्रमाण ही प्रत्येक रायफलीसाठी सरावाने ठरवावी लागतात. एका वेळी एकच घटक बदलून निकालांची नोंद ठेवणे, हा त्याचा खात्रीचा मार्ग होय.

प्रत्यक्ष स्पर्धेत ३० मिनिटांत १३ बार काढता येतात व त्यांपैकी उत्तम १० धरले जातात. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घनरूपात उरतो. या मळीमुळे गोळी ठासणे जड जाते. म्हणून दोन बारांच्या दरम्यान नळी ठराविक पद्धतीने पुसतात. गोळी दारूला टेकेपर्यंत ठासणे अत्यावश्यक असते. मध्ये पोकळी राहिल्यास नळी फुगण्याचा वा फुटण्याचा धोका असतो. यासाठी गजावर खूण केलेली असते. टोपी उडूनही बार न उडाल्यास नळी लक्ष्याकडेच रोखून काही काळ थांबतात. दारूची मळी हवेतील ओलावा शोषून लोखंड गंजविते. त्यामुळे स्पर्धेनंतर नळी पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावावे लागते.

महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, ठासणीची बंदूक शेतीसंरक्षणासाठी परवान्याने बाळगली जाते. मात्र तिची नळी सामान्यतः गुळगुळीत असते. दारू, गोळी, गज व रंजक यांचे जे ज्ञान एकेकाळी प्रत्येक सैनिकाच्या हाती होते, ते धातूच्या काडतुसाबरोबर कारखान्याकडे गेले. ते ग्रंथांत नोंदलेले आहेच. परंतु हाताच्या सवयीच्या रूपाने आज ते मुख्यतः या स्पर्धांच्या तयारीतूनच टिकून राहिले आहे.