पेस्टनांचा नांगर

इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यातल्या पेस्टन घराण्याची पंधराव्या शतकातील हजाराच्या घरात पत्रे आणि कागद शिल्लक आहेत. मूळ पुरुष क्लेमेंट पेस्टन 1419 साली वारला. त्याच्याविषयीचे टिपण मात्र घराण्याच्या वैऱ्याने लिहिलेले. ते सावधपणेच वाचले पाहिजे. पण फेकून देता येत नाही. त्यात म्हटले आहे की, क्लेमेंट स्वतः नांगर धरी, खोगिराविना घोड्यावर धान्य टाकून त्यावरच बसून गिरणीला जाई. बायको भूदासांच्या घरची. मुलाला शिकवायला त्याने उसने पैसे घेतले. तो मुलगा, विल्यम, 1429 साली न्यायाधीश झाला!

हे केवळ हिणवण्यासाठी लिहिलेले नाही. भूदासाचे जे काही असेल ते कायद्याने धन्याचे. नातू जॉन 1459 पासून केस्टरच्या किल्ल्यावर हक्क सांगत होता. जन्म भूदासाचा ठरता तर किल्ला, जमीन, सारेच धोक्यात येते. 1465 साली जॉन तुरुंगात पडला आणि पुढच्याच वर्षी, 1466 च्या मे महिन्यात, वारला. जुलैत राजा चौथ्या एडवर्डने जाहीर केले की, पेस्टन पूर्वापार कुलीन आहेत.

पुरावा काय? आपल्या पूर्वजांच्या ताब्यात कितीतरी भूदास होते, असे दाखवणारे जुने दस्त. आपण दास नाही हे सिद्ध करायला दुसऱ्यांचे दास्य पुढे करावे लागले. यात आम्हाला नवल वाटत नाही. अनेक अभ्यासकांना तर त्या दस्तांच्या खरेपणाचीच शंका येते.

क्लेमेंटचा नांगर मात्र त्या वैऱ्याच्या कागदात राहून गेला आहे.