मधली चकती

आमच्या घराण्यात यंत्राशी संबंध आलेला पहिला पुरुष मी; आणि तोही हिशेबनीस म्हणून! चिंचवडच्या एका कारखान्यात मी बिलं तपासायला बसत असे. 1978 साली एकदा टेबलावर व्हाउचर आलं : ‘कपलिंगचे रबरी बुश, नग आठ.’ दोनच महिन्यांपूर्वी तेवढेच नग आणलेले. कपलिंग म्हणजे रेल्वेचे डबे जोडायचा आकडा, एवढंच माझं ज्ञान. मी लाल शाई काढली आणि मिस्त्रींना बोलावणं धाडलं.

मिस्त्रींनी मलाच पंपापाशी नेलं.

“साहेब, ही मोटर, हा पंप. दोघांचे शाफ्ट समोरासमोर. पण अगदी एका रेषेत ते कधी राहत नाहीत. पाया थोडा खचतो, लोखंड तापून वाढतं. घट्ट जखडले तर बेअरिंग जातं, नाहीतर शाफ्टच मोडतो. म्हणून मधे हे रबर. ते झिजायलाच ठेवलंय.”

“मग जरा टणक का आणत नाही?”

“आणतो की. मग शाफ्ट झिजेल. त्याचं व्हाउचर पास कराल?”

मी लाल शाईचं झाकण लावलं. पण त्या दिवसापासून मला या जोडकामाच्या इतिहासाचा नाद लागला.

आणि इतिहास तरी कसा! तिरक्या दांड्यांना एकत्र फिरवणाऱ्या सांध्याला युरोपात ‘कार्डन’ म्हणतात, ते सोळाव्या शतकातल्या कार्डानो या इटालियन गृहस्थावरून. हा वैद्य, गणिती आणि पट्टीचा जुगारी. गणितावरून त्याचं तार्तालियाशी जन्माचं वाकडं. इंग्रजीत त्याच सांध्याला हूकचं नाव. रॉबर्ट हूकनं तो सूर्य पाहण्याच्या उपकरणांसंबंधीच्या 1676 सालच्या पुस्तिकेत मांडला. हा हूक म्हणजे शाळेत आपल्याला स्प्रिंगच्या नियमानं छळणारा तोच. त्याचं न्यूटनशी हाडवैर! ज्यांचं शेजाऱ्याशी पटलं नाही, त्यांच्या नावावर जगातले दोन तिरके दांडे सुखानं नांदताहेत.

सुखानं म्हणजे अगदीच सुखानं नव्हे. या सांध्यात एक दांडा एकसारखा फिरला, तरी तिरका बसलेला दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो, दोनदा रेंगाळतो. तेव्हा ट्रकच्या पोटाखाली असे दोन सांधे लावतात. एकाचा लहरीपणा दुसऱ्यानं निस्तरायचा.

माझं मन मात्र जडलं ते डब्लिनच्या जॉन ओल्डहॅमवर. मूळचा नक्षीकाम करणारा, पुढे बँक ऑफ आयर्लंडसाठी नोटांवर क्रमांक छापायचं यंत्र करणारा. म्हणजे आमच्या हिशेबखात्याचाच माणूस की! 1821 साली, वाफेच्या बोटीच्या चाकांची अडचण सोडवताना त्यानं तीन चकत्यांचं कपलिंग काढलं. समांतर असूनही एका रेषेत नसलेल्या दोन दांड्यांच्या टोकांना एकेक खाचेची चकती, आणि मधे सुटी तिसरी. तिच्या एका अंगाला उभी पट्टी, दुसऱ्या अंगाला आडवी. ती सारखी इकडेतिकडे सरकते. दांडे एक फेरा घेतात तेवढ्यात तिचा मध्य दोन घिरट्या घालतो. पण दोन्ही दांडे अगदी सारख्या वेगानं फिरतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय जमतंय हो दोघांचं!

हे वाचलं आणि मला आमचं घर आठवलं. वडील आणि थोरले बंधू हे दोन शाफ्ट एका रेषेत कधी आलेच नाहीत. वडील माजघरातून गरजायचे, “त्याला म्हणावं, जेवायचं असेल तर जेव, नाहीतर राहा उपाशी!” आई ओसरीवर येऊन सांगायची, “अरे, बाबा थांबलेत तुझ्यासाठी.” बंधू म्हणायचे, “मला नको त्यांचं अन्न.” आई आत जाऊन सांगायची, “हात धुतोय, आलाच.” दिवसातून किती घिरट्या, कुणी मोजल्या नाहीत. बुशाच्या व्हाउचरवर मी पुढे कधी शेरा मारला नाही. घरातल्या झिजेचं व्हाउचर मात्र कुणी काढलंच नव्हतं.

आई 1983 साली गेली. तेरावा झाला, पाहुणे पांगले. वडील आरामखुर्चीतून थेट बंधूंना म्हणाले, “चहा घेतोस का रे?”

बंधूंनी सवयीनं स्वयंपाकघराकडे मान वळवली आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं.