रेखाटन आणि जतन : अजिंठ्याचा धडा

चित्र काढणे आणि चित्र जपणे ही दोन वेगळी कामे मानली जातात. पहिले कलावंताचे, दुसरे संग्रहालयातील तंत्रज्ञाचे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. या चित्रांची काळजी घेण्याची सुरुवात रेखाटनापासून झाली आणि त्यांना झालेल्या इजेतील काही भाग त्यांच्या काळजीपोटीच झाला. जळगाव आणि धुळ्याच्या लहानमोठ्या संग्रहांना आजही या अनुभवातून पुष्कळ शिकता येते.

लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सोयगाव तालुक्यात येतात. तरी खानदेशाशी त्यांचे नाते जवळचे आहे. जळगाव शहरापासून त्या सुमारे साठ किलोमीटरवर आहेत. रेल्वेने येणारा प्रवासी जळगावला किंवा भुसावळला उतरून फर्दापूरमार्गे वाघोरा नदीच्या त्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर पोहोचतो.

मातीच्या गिलाव्यावरील चित्रे

अजिंठ्यातील सर्वांत जुनी चित्रे नवव्या आणि दहाव्या लेण्यात असून ती इसवी सनापूर्वीच्या काळातील आहेत. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या व सतराव्या लेण्यातील प्रसिद्ध चित्रे वाकाटक काळातील, म्हणजे पाचव्या शतकातील मानली जातात. कातळावर प्रथम माती, दगडाची भुकटी, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा चढविला गेला. त्यावर पांढरा पातळ हात फिरवून पृष्ठभाग गुळगुळीत करण्यात आला. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि अफगाणिस्तानातून आलेला राजवर्ती निळा हे मुख्य रंग. ते डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून वाळलेल्या पृष्ठभागावर लावले गेले.

येथेच या चित्रांचा नाजूकपणा दडलेला आहे. युरोपातील खऱ्या 'फ्रेस्को' पद्धतीत ओल्या चुन्यात रंग मुरतो व भिंतीचाच भाग होतो. अजिंठ्यात रंगाचा थर वर बसलेला आहे आणि त्याखाली माती आहे. पाणी झिरपले की गिलावा सुटतो. तुसासाठी कीटक येतात. हात लागला तर रंगाची पापडी निघते. शिवाय माणसाचा मोहही आहेच. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा ब्रिटिश लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने येथे पोहोचला आणि दहाव्या लेण्यात त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. त्या वेळी लेण्यात साचलेल्या ढिगाऱ्यावर तो उभा होता, म्हणून ते नाव आज माणसाच्या उंचीपेक्षा वर दिसते. पुढे अनेकांनी त्याचाच कित्ता गिरविला.

प्रतिकृती आणि दोन आगी

चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या प्रतिकृती करून ठेवाव्यात, हा विचार पुढे आल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची त्या कामावर नेमणूक केली. अपुरा प्रकाश, वटवाघळे, ताप आणि एकांत यांना तोंड देत गिलने वर्षानुवर्षे मोठ्या कापडांवर तैलरंगात प्रती तयार केल्या. अजिंठा गावात त्याची सहचरी पारो हिची समाधी आहे. तिचा मृत्यू १८५६ मध्ये झाला. या दोघांची कथा मराठी वाचकाला ना. धों. महानोर यांच्या काव्यामुळे व २०१२ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'अजिंठा' या चित्रपटामुळे परिचित आहे. त्या कथेच्या प्रभावात गिलचे मूळ काम मात्र काहीसे झाकले गेले.

त्या कामाचा शेवट विदारक झाला. गिलच्या प्रती लंडनला पाठविण्यात आल्या आणि सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडण्यात आल्या. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या; हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या. गिल छायाचित्रकारही होता. लेण्यांची त्याने टिपलेली छायाचित्रे १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह प्रसिद्ध झाली होती, ती राहिली. १८७९ मध्ये गिलचे निधन झाले. त्याची कबर भुसावळ येथे आहे.

गिलचे काम वाया गेल्यावर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स याने १८७२ मध्ये तेच काम नव्याने हाती घेतले. १८८५ पर्यंत त्याने आपल्या विद्यार्थ्यांकडून सुमारे तीनशे प्रती करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांतील एक पुढे नामवंत व्यक्तिचित्रकार झाले. या प्रतीही लंडनला, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या आणि १८८५ मध्ये तेथील आगीत त्यांचा मोठा भाग जळाला. उरलेल्या प्रती आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्यांच्या आधारे ग्रिफिथ्सने १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

ज्या चित्रांचा भरवसा नव्हता ती डोंगरात टिकली आणि सुरक्षित म्हणून सातासमुद्रापलीकडे नेलेल्या प्रती जळाल्या, हा विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. मात्र त्यामुळे प्रतिकृतींचे मोल कमी होत नाही. भिंतीवरून पुढे नाहीशा झालेल्या काही भागांची साक्ष आज या जुन्या प्रतीच देतात.

पाहण्यातून घडलेली कला

लेडी क्रिस्टियाना हेरिंगहॅम या ब्रिटिश चित्रकर्तीने १९०९ ते १९११ या काळात दोन हिवाळे अजिंठ्यात काम केले. तिच्या मदतीला नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि के. वेंकटप्पा हे तरुण भारतीय चित्रकार आले होते. लंडनच्या इंडिया सोसायटीने १९१५ मध्ये त्या प्रती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या.

या तरुणांना मिळालेला लाभ प्रतींपुरता राहिला नाही. हात कसा वळतो, पापणीची रेषा कुठे जाड होते, गर्दीतील माणसे एकमेकांत कशी गुंफली जातात, हे दिवसभर भिंतीसमोर बसून काढल्याशिवाय कळत नाही. नंदलाल बोस यांच्या पुढील भित्तिचित्रांत अजिंठ्याची ही लयदार रेषा जागोजागी भेटते. नक्कल करता करता चित्रकाराची स्वतःची भाषा घडली. सर्जनशील रेखाटन म्हणतात ते हेच.

लाखेचा लेप

रेखाटन करणारा चित्राला स्पर्श न करता त्यातून खूप काही घेऊन जातो. अजिंठ्यात स्पर्शही झाला आणि तो महागात पडला. रंग उजळ दिसावेत, प्रत करणे सोपे जावे, म्हणून ग्रिफिथ्सच्या काळात मूळ चित्रांवर व्हार्निश चढविण्यात आले. लेणी तेव्हा हैदराबाद संस्थानात होती. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी सुटलेला गिलावा भिंतीला पुन्हा बसविला, कडा बुजवल्या. हे काम मोलाचे होते. पण रंग पक्का राहावा म्हणून चित्रांवर लाखेचा लेपही दिला गेला. काही दशकांत तो लेप पिवळा, पुढे तपकिरी झाला, त्यावर धूळ बसली आणि मूळ रंग झाकोळले.

यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता. त्या काळच्या उत्तम ज्ञानानुसारच ते वागले. स्वातंत्र्यानंतर लेण्यांची जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आली आणि १९८३ मध्ये त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. आधीच्या पिढ्यांनी दिलेले लेप इंचाइंचाने, खालच्या रंगाला धक्का न लावता उतरविणे हे विभागाच्या रसायनतज्ज्ञांच्या कामाचे एक मोठे अंग ठरले. एका दिवसात चढविलेला लेप उतरवायला अनेक वर्षे लागतात.

आधुनिक संवर्धनशास्त्राची दोन सूत्रे अशाच अनुभवांतून आली आहेत. पहिले, हस्तक्षेप कमीत कमी असावा. दुसरे, आज जे केले ते उद्या मूळ कलाकृतीला इजा न होता काढून टाकता आले पाहिजे. फाटलेला कागद सांधायला संवर्धक अतिपातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात, ते यासाठीच. ही खळ थोड्या ओलाव्याने सुटते. बाजारातील चिकटपट्टी सुटत नाही आणि सुटली तरी डाग मागे ठेवते.

उपचारापूर्वी संवर्धक स्वतःही रेखाटन करतो. कलाकृतीच्या आकृतीवर भेग कुठे आहे, रंग कुठे सुटतो आहे, गिलावा कुठे पोकळ वाजतो, हे तो वेगवेगळ्या खुणांनी दाखवितो. कॅमेरा सर्व काही सारखेच टिपतो. हाताने काढलेली आकृती कशाकडे लक्ष द्यायचे ते ठरविते.

धुळे आणि चाळीसगाव

खानदेशातील संग्रहांचे प्रश्न भित्तिचित्रांहून निराळे असले, तरी सूत्रे तीच आहेत. धुळे येथे १९२६ मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या संशोधन मंडळाने त्यांचा कागदपत्रांचा ठेवा सांभाळला. त्याच शहरातील समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगाव फिरून जमविलेली समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते आहेत. समर्थ रामदासांच्या हस्ताक्षरातील मानली जाणारी वाल्मीकी रामायणाची प्रतही तेथेच आहे.

जुन्या पोथ्या टिकल्या त्यामागे परंपरेचे शहाणपण होते. काजळीची शाई प्रकाशाने फिकी पडत नाही. कागदाला हरताळ लावल्याने कीड दूर राहते. घट्ट बांधलेल्या बासनात धूळ व दमट हवा कमी शिरते आणि वेखंडाचा वास कसरीला रुचत नाही. खानदेशाचे हवामान मात्र कागदाची परीक्षा पाहते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, कागद ठिसूळ होतो आणि पुढच्याच महिन्यात पावसाची दमट हवा त्याला फुगविते. वर्षानुवर्षांचे हे आकसणे-फुगणे वाळवीइतकेच घातक असते. प्रकाशाचेही तसेच आहे. कागदावरील कलाकृतींसाठी ५० लक्स एवढाच मंद प्रकाश योग्य मानतात, कारण प्रकाशाने झालेली हानी साठत जाते आणि कधीही भरून येत नाही.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव येथे कलामहर्षी केकी मूस (१९१२-१९८९) यांच्या निवासस्थानी त्यांच्या कलाकृतींचे संग्रहालय आहे. टेबलावर लहान वस्तू मांडून त्यांतून आभासी दृश्य उभे करणाऱ्या 'टेबलटॉप' छायाचित्रणासाठी मूस ओळखले जातात. चित्रकला, शिल्प आणि कागदकामातही त्यांनी काम केले. कृष्णधवल छायाचित्रात चांदीचे सूक्ष्म कण जिलेटिनच्या थरात धरलेले असतात. दमट हवेत जिलेटिन मऊ होते आणि छायाचित्र चौकटीच्या काचेला चिकटते. अशा संग्रहाला मोठ्या इमारतीपेक्षा काच आणि छायाचित्र यांच्यात थोडी मोकळी जागा राखणारी चौकट अधिक उपयोगी ठरते.

धुळ्याजवळच्या गोंदूर गावी १९२५ मध्ये जन्मलेले शिल्पकार राम सुतार यांचा प्रवासही येथे आठवतो. १९५०च्या दशकात पुरातत्त्व विभागात असताना त्यांनी वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीचे काम केले. पुढे २०१८ मध्ये उभ्या राहिलेल्या सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्यापर्यंत त्यांची वाटचाल झाली. नवनिर्मिती करणाऱ्या हाताने आधी जुन्याची सेवा केली होती.

संग्रहालयात पेन्सिल

महाराष्ट्रातील असंख्य घरांतून मुले शासकीय रेखाकला परीक्षेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या पायऱ्यांची तयारी करतात. वस्तुचित्रासाठी वर्गात सहसा बादली, तांब्या आणि फळे मांडली जातात. तीच मुले वही घेऊन संग्रहालयातील एखाद्या शिल्पासमोर तासभर बसली, तर तो धडा अधिक खोल जाईल. जगभरातील संग्रहालयांत रेखाटनाला साधारणपणे फक्त पेन्सिलची परवानगी असते. शाई सांडली तर डाग कायमचा राहतो, कोळशाची पूड उडते; पेन्सिल मात्र निरुपद्रवी असते. टेकायचे नाही, स्पर्श करायचा नाही, वाट अडवायची नाही, एवढे नियम पुरेसे आहेत. तासभर पाहून काढलेली वस्तू मुलाला आपली वाटू लागते आणि आपल्या वस्तूवर कोणी नाव कोरत नाही.

घरातील ठेवा

हीच दृष्टी घरातील जुन्या वस्तूंनाही लागू पडते. आजोबांचे छायाचित्र 'कायमचे टिकावे' म्हणून लॅमिनेट करून घेणे म्हणजे अजिंठ्याच्या लाखेची पुनरावृत्ती होय. उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक पुन्हा वेगळे करता येत नाही. चिकट पानांचे अल्बम, रबरबँड आणि चिकटपट्टी टाळावी. छायाचित्रे आम्लविरहित कागदात गुंडाळून, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात ठेवावीत आणि पावसाळा संपल्यावर एकदा उघडून पाहावीत. मूळ प्रतीची डिजिटल प्रत जरूर करून घ्यावी. परंतु प्रत केली म्हणून मूळ टाकून देऊ नये. लंडनमधील दोन आगींनी प्रतींचाही भरवसा धरता येत नाही, हे दाखवून दिले आहे.